वास्तूचे फोटो : सगळं दिसतं, पण खोली खरी वाटत नाही

कवडसा

नमस्कार मंडळी. गेले काही दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय.

माझ्या एका वास्तुविशारद मैत्रिणीने एका जुन्या वाचनालयाचं नूतनीकरण केलं. पहिल्या मजल्यावर वाचनकक्ष आहे. उंच लाकडी छत, एका बाजूला ओळीने सात खिडक्या, दुसऱ्या बाजूला पुस्तकांची कपाटं, आणि खालून वर येणारा वळणदार जिना. फोटो काढायचं काम तिने माझ्यावर सोपवलं. मी १६ मिलिमीटरची, खूप रुंद कोनाची लेन्स लावली, कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकवून उभा राहिलो आणि दोन तासांत पावणेदोनशे फोटो काढून आलो.

तिने सगळे नीट पाहिले आणि म्हणाली, "सगळं आलंय रे, पण ही माझी खोली नाही. एवढी लांब नाहीये ती. आणि आत गेल्यावर जे शांत वाटतं, ते यात कुठेच नाही."

तिचं म्हणणं खरं आहे. खांब आत झुकलेत, कडेचं टेबल ताणल्यासारखं दिसतंय, खिडक्या पांढऱ्याफट्ट जळल्यात आणि छत पिवळं पडलंय. यातलं काही तांत्रिक आहे, ते शिकेन. पण "शांत" कसं टिपायचं? पुढच्या महिन्यात पुन्हा एक पूर्ण दिवस आत राहायची परवानगी मिळाली आहे. तो दिवस वाया जाऊ द्यायचा नाहीये. जाणकारांनी कृपया लिहा.

---

ओळंबा

चांगला प्रश्न आहे, सविस्तर लिहितो. मी फिल्मच्या काळापासून इमारतींचे फोटो काढतोय.

आधी खांबांचं बघू. कॅमेऱ्याचा सेन्सर (ज्यावर चित्र उमटतं तो भाग) भिंतीला समांतर असेल, तर उभ्या रेषा फोटोतही समांतर राहतात. छत यावं म्हणून तुम्ही कॅमेरा वर उचलला की सेन्सर तिरका होतो आणि रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. जुन्या लाकडी कॅमेऱ्यांत यावर सोपा उपाय होता. कॅमेरा सरळ ठेवायचा आणि फक्त पुढची लेन्सची पाटी वर सरकवायची. छोट्या कॅमेऱ्यांना ही सोय बराच काळ नव्हती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला निकॉनने ३५ मिलिमीटरची सरकणारी लेन्स आणली, १९७३ मध्ये कॅननने त्यात कलण्याची सोयही घातली. आज ज्याला आपण टिल्ट-शिफ्ट म्हणतो ती हीच.

अशी लेन्स नसेल तर कॅमेरा उभा धरा, काटेकोर लेव्हलमध्ये ठेवा, आणि खाली येणारी जास्तीची जमीन नंतर कापून टाका. काही पिक्सेल जातील, पण खांब सरळ राहतील. सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येतातच, पण तिथे वरचा भाग ताणला जातो आणि कडा कापल्या जातात. तसं करायचं असेल तर चारही बाजूंनी मोकळी जागा सोडून फोटो घ्या.

आता खोली लांब का दिसली? यात दोन वेगळे दोष एकत्र आलेत. कडेचं टेबल ताणलं गेलं ते लेन्सच्या रुंद कोनामुळे. पण खोली जास्त लांब दिसली ती तुम्ही जवळच्या टेबलाला चिकटून उभे होतात म्हणून. जवळची वस्तू अवाढव्य झाली की समोरची भिंत पळून जाते. यावर उपाय एकच : मागे सरका. दाराबाहेर जा, जिन्याच्या चौथऱ्यावर जा, शेजारच्या खोलीत जा आणि तिथून २४ किंवा ३५ मिलिमीटरने बघा. चौकटीत कमी मावेल. मावू दे. सात खिडक्यांपैकी चार दिसल्या तरी उरलेल्या तीन बघणाऱ्याच्या मनात आपोआप उभ्या राहतात.

---

तिपाई

ओळंबाकाकांना +१.

माझ्याकडून कॅमेऱ्याच्या उंचीची एक भर. सवयीने सगळे जण उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढतात. आत तेवढ्या उंचीवरून टेबलांचे पृष्ठभाग फार दिसतात आणि खोली वरून पाहिल्यासारखी सपाट होते. मी साधारण १.२ मीटरवरून सुरुवात करते. ओटा किंवा काउंटर असेल तर त्याच्या थोडं वर, झोपायची खोली असेल तर आणखी खाली. ज्या खोलीत माणसं बसतात ती बसलेल्या डोळ्यांनी बघावी, एवढं साधं आहे.

---

झरोका

कवडसा, तुमच्या पोस्टमधलं "दोन तासांत पावणेदोनशे" हे वाचून थांबले. त्या दोन तासांत प्रकाश किती वेळा बदलला, ते आठवतंय का?

मला वाटतं, प्रत्येक चांगल्या इमारतीची स्वतःची एक वेळ असते आणि ती वास्तुविशारदाने ठरवलेली असते. आपण ती शोधायची. रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिराचं उदाहरण घ्या. घुमटाचा आतला व्यास सुमारे ४३ मीटर, जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच, आणि माथ्यावर सुमारे ९ मीटर रुंदीचं उघडं वर्तुळ. आत येणारा उन्हाचा गोल दिवसभर भिंतीवरून सरकत राहतो. हिवाळ्यात तो घुमटातच वर राहतो, उन्हाळ्याच्या दुपारी फरशीवर उतरतो. एकाच जागी उभं राहून काढलेले डिसेंबरचा आणि जूनचा असे दोन फोटो म्हणजे दोन वेगळ्या खोल्या आहेत.

बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया चर्चमध्ये पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या आणि पश्चिमेच्या लाल-नारिंगी आहेत. सकाळी आतले खांब गार दिसतात, संध्याकाळी पेटल्यासारखे. दुपारी बाराला जाऊन फोटो काढला तर यातलं काहीच हाती लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूट या संशोधनसंस्थेच्या चौकात वास्तुविशारद लुई कानने मधोमध पाण्याची एक बारीक रेघ ठेवली आहे. विषुवदिनाच्या सुमारास सूर्य बरोबर तिच्या टोकाला मावळतो.

आणि वेरूळचं कैलास! ते वरून खाली कोरत आणलंय, मागची कडा जवळपास ३० मीटर उंच आहे. त्यामुळे चौकात ऊन शिरतं ते तुकड्या-तुकड्याने. लेणी पश्चिमाभिमुख असल्याने दुपार कलली की समोरचा भाग उजळतो. भर दुपारी मात्र वर पांढरं आणि खाली काळं, मधलं सगळं गायब.

तेव्हा माझी विनंती आहे की तुमच्या पूर्ण दिवसातला पहिला तास कॅमेरा बॅगेतच राहू द्या. वही घ्या आणि दर अर्ध्या तासाने ऊन कुठल्या टेबलावर आहे ते लिहा. शांततेचा प्रश्न त्या वहीतच सुटेल असं मला वाटतं.

---

नवशिका_२

वाचतोय. एक शंका. खिडक्या जळू नयेत म्हणून मी फोनमधलं एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र करणारी सोय) वापरतो. मग बाहेरचं झाड, आतली भिंत सगळं दिसतं, पण चित्र विचित्र होतं. असं का?

---

तिपाई

@नवशिका_२, कारण त्यात सगळंच सारखं उजळ होतं. खिडकीतून प्रकाश आत येतोय, म्हणजे खिडकी भिंतीपेक्षा उजळ असायलाच हवी. बाहेरचं झाड आणि आतली खुर्ची एकाच उजेडात दिसली की डोळ्याला कळतं की काहीतरी चुकलंय, जरी कारण सांगता आलं नाही तरी.

मी करते ते असं. ट्रायपॉड, आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता कमी), एफ/८ (लेन्सचं छिद्र मध्यम), दोन सेकंदांचा टायमर. मग दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) पाच फोटो, फक्त शटरचा वेग बदलत. घरी आल्यावर खोलीचा मुख्य फोटो निवडायचा आणि फक्त खिडकीच्या जागी एक-दोन स्टॉप काळा फोटो हलक्या हाताने मिसळायचा. झाडाची पानं मोजता आली नाहीत तरी चालेल, तिथे झाड आहे एवढं कळलं की पुरे. त्याहून सोपा मार्ग म्हणजे सूर्यास्तानंतरची वीस-तीस मिनिटं. बाहेरचं आकाश उतरत उतरत आतल्या दिव्यांच्या बरोबरीला येतं, तेव्हा एकाच फोटोत दोन्ही बसतं. ती वेळ फार थोडी असते, म्हणून चौकट आधीच लावून ठेवायची आणि दर दोन मिनिटांनी फोटो घेत राहायचा.

आता पिवळ्या छताबद्दल. प्रकाशाची रंगछटा केल्विनमध्ये मोजतात. पिवळसर दिवे साधारण २७०० ते ३००० केल्विनचे, खिडकीतला उजेड ५५०० च्या वर. कॅमेरा दोघांपैकी एकालाच पांढरं मानू शकतो. म्हणून दिवसा फोटो काढताना सगळे दिवे बंद करा. नव्वद टक्के वेळा खोली लगेच शांत होते. आधी मलाही खोटं वाटायचं, कारण दिवे लावले की खोली "छान" दिसते असं आपल्याला वाटत असतं. पण दिव्यांचे पिवळे ठिपके काढले की भिंतीवरची छटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग उतरते, आणि खोलीचा आकार त्या छटेतूनच कळतो.

दिवे लावायचेच असतील तर एक सावधगिरी. वीज ५० हर्ट्झची असेल तर साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. शटर वेगात असेल तर फोटोत आडवे पट्टे येतात. १/५० किंवा त्याहून सावकाश ठेवा, पट्टे जातात.

---

मोकळी_भिंत

दिवे बंद हे सगळीकडे नाही पटणार. दिवा हाच रचनेचा भाग असेल तर? रेस्टॉरंट, नाट्यगृह, हॉटेलची लॉबी… तिथे डिझायनरने महिनोन् महिने दिव्यांवरच काम केलेलं असतं.

---

तिपाई

बरोबर. तिथे खिडकी झाका किंवा रात्री जा. दोघांपैकी एक राजा हवा, एवढंच म्हणणं आहे.

---

उंबरठा

माझा प्रश्न वेगळा आहे. फोटोआधी सामान किती हलवायचं? मी एकदा एका घराचे फोटो काढायला गेले, तर मालकीणबाईंनी मुलांची खेळणी, चपला, औषधांचा डबा, सगळं कपाटात कोंबलं. फोटो सुबक आले, पण त्या घरात कुणी राहतं असं वाटेना. मला आजही ते फोटो बघवत नाहीत.

---

ओळंबा

हा जुना वाद आहे आणि दोन्ही बाजूंनी थोर माणसं आहेत.

छायाचित्रकार ज्युलियस शुलमनचा १९६० चा फोटो बहुतेकांनी पाहिला असेल : पिएर कोनिगने बांधलेलं काचेचं घर, डोंगराच्या कडेवर अधांतरी, आत दोन तरुणी गप्पा मारतायत आणि खाली लॉस एंजेलिसचे दिवे पसरलेत. तो क्षण जसाच्या तसा सापडलेला नाही. शहराचे दिवे उमटावेत म्हणून सुमारे सात मिनिटांचं एक्स्पोजर दिलं (म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवलं), तोवर आत अंधार होता, आणि शेवटी आतला फ्लॅश उडवला. तरीही त्या घरात राहणं म्हणजे काय, हे त्या एका फोटोइतकं कशानेच सांगितलेलं नाही. रचलेलं असूनही तो फोटो खोटा वाटत नाही.

दुसऱ्या टोकाला छायाचित्रकार ल्युसियाँ एर्व्हे. १९४९ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेला वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएची मोठी वसाहत बांधून होत होती, तिथे एका दिवसात त्याने साडेसहाशे फोटो काढले. काँक्रीटचा खडबडीतपणा, सावलीची तिरकी धार, इमारतीचे तुकडे. अख्खी इमारत दाखवण्याची त्याला घाई नव्हती. ल कॉर्ब्युझिएने ते पाहिले आणि पुढे आयुष्यभर त्याच्याकडूनच काम करून घेतलं.

माझा स्वतःचा नियम असा : जे हाताने हलतं ते हलवायला हरकत नाही. कचऱ्याचा डबा, वाकडी खुर्ची, लोंबणारी वायर बाजूला करा. पण जे इमारतीला चिकटलेलं आहे ते संगणकावर पुसायचं नाही. एसीचा डबा, भिंतीवरची ओल, समोरून गेलेल्या विजेच्या तारा हे सगळं इमारतीचं आजचं आयुष्य आहे. आवडत नसेल तर जागा बदला, पुसू नका.

याचं कारण सांगतो. १८५१ मध्ये फ्रान्सच्या सरकारने पाच छायाचित्रकारांना देशभरातल्या जुन्या वास्तू टिपायला पाठवलं होतं. हेतू हा की दुरुस्तीच्या आधी काय होतं, त्याची नोंद राहावी. वास्तूचा फोटो मुळात नोंदच आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलचं छप्पर जळालं, तेव्हा आगीआधीचे फोटो आणि लेझर स्कॅन पुन्हा उभारणी करणाऱ्यांच्या उपयोगी पडले. आपल्या फोटोचं पुढे काय होईल हे आपल्याला माहीत नसतं. त्यात खोटी भिंत नको.

---

मोकळी_भिंत

तारांबद्दल माझं मत वेगळं आहे, काका. नोंदीसाठी असेल तर पुसू नये, मान्य. पण मासिकाच्या मुखपृष्ठासाठी पुसली तर बिघडलं कुठे?

---

ओळंबा

मुखपृष्ठही पन्नास वर्षांनी नोंदच होतं.

---

उंबरठा

हे वाक्य मी लिहून ठेवतेय.

आणि माणसं? गर्दीच्या ठिकाणी काय करता?

---

झरोका

लेन्सला गडद एनडी फिल्टर (आत येणारा प्रकाश कमी करणारी काच) लावून अर्धा-एक मिनिट एक्स्पोजर दिलं की चालणारी माणसं विरघळतात. छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या दागेरने १८३८ मध्ये पॅरिसमधल्या रस्त्याचा फोटो घेतला, तो वर्दळीचा रस्ता असूनही जवळजवळ रिकामा दिसतो. एक्स्पोजर काही मिनिटांचं होतं, हलणारं काहीच उमटलं नाही. उमटला तो फक्त बूट पॉलिश करून घेणारा एक जण, कारण तो स्थिर उभा होता.

पण मला अलीकडे माणसं हवीशी वाटतात. एक जण पुरतो, तोही पाठमोरा किंवा वाचत बसलेला. त्याच्याशिवाय दार दोन मीटरचं की पाच मीटरचं हे कळत नाही.

---

काचेपलीकडे

आरशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. समोर मोठा आरसा असेल आणि फोटो समोरूनच हवा असेल, तर कॅमेरा आरशाच्या चौकटीबाहेर बाजूला ठेवा, सेन्सर आरशाला समांतर ठेवा आणि शिफ्ट लेन्स आडवी सरकवा. फोटो समोरून घेतल्यासारखा दिसतो आणि कॅमेरा आरशात येत नाही. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी अर्धा तास त्या आरशाकडे बघत बसलो होतो.

काचेवरची चमक लेन्सवर लावायच्या पोलरायझर फिल्टरने कमी होते, पण तोच फिल्टर फरशीवरची ओलसर झळाळीही घालवतो. आधी फिरवून बघा, मग ठरवा.

परवानगीचंही लक्षात ठेवा. आत कॅमेरा चालतो म्हणजे ट्रायपॉड चालतो असं नाही. ताजमहालाच्या आत, समाधीच्या दालनात, फोटोला मुळीच परवानगी नाही. आयफेल टॉवरचा दिवसाचा फोटो कुणीही विकावा, पण रात्रीच्या रोषणाईवर वेगळा स्वामित्वहक्क सांगितला जातो, त्यामुळे व्यावसायिक वापराआधी विचारावं लागतं.

---

कवडसा

मंडळी, परवा जाऊन आलो. सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो.

झरोकाताईंचं ऐकून पहिला तास कॅमेरा काढलाच नाही. चौथ्या खिडकीपाशी खुर्ची ओढून वही घेऊन बसलो. साडेनऊला ऊन पहिल्या टेबलाच्या पायाशी होतं, दहाला टेबलावर आलं. सव्वादहाच्या सुमारास एकदम लक्षात आलं की बाहेर रस्ता आहे, बस जातायत, पण मला बसलेल्या जागेवरून रस्ता दिसतच नाहीये. खिडकीचा कट्टा असा काही उंच ठेवलाय की खुर्चीवर बसलं की फक्त झाडाचे शेंडे आणि आकाश दिसतं. उभा राहिलो, रस्ता दिसला. बसलो, रस्ता गेला. चार-पाच वेळा उठलो-बसलो असेन. माझे आधीचे पावणेदोनशे फोटो उभ्याने काढलेले होते, आणि प्रत्येकात बस होती!

मग सगळे दिवे बंद केले. छत पिवळ्याचं तपकिरी झालं आणि त्याच्या फळ्यांमधल्या खाचा पहिल्यांदा दिसल्या. ट्रायपॉड १.१५ मीटरवर आणला, दाराबाहेर गेलो आणि ३५ मिलिमीटर लावली. चौकटीत चार खिडक्या, दोन टेबलं आणि अर्धं कपाट. एक आजोबा नेहमीप्रमाणे पेपर वाचायला आले होते, त्यांना विचारून त्यांच्याच जागी बसू दिलं. अकरा वाजून वीस मिनिटांनी ऊन त्यांच्या पेपरच्या कडेला टेकलं. एफ/८, आयएसओ १००, सर्वात चांगला आला तो १/४ सेकंदाचा. दिवसभरात एकूण एकोणीस फोटो काढले.

मैत्रिणीला तो एकच पाठवला. तिचा फोन आला. म्हणाली, "कट्ट्याची ती उंची मी तीनदा बदलून घेतली होती. गवंडी वैतागला होता माझ्यावर. ती कुणाच्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं."

जिना मात्र राहिला. पाच वेळा प्रयत्न केला, प्रत्येक वेळी नुसता जिन्याचा आकार येतो, चढणं येत नाही. यावर काही सुचवाल का?

---

झरोका

वाचून फार बरं वाटलं. फोटो इथे टाका, मैत्रिणीची परवानगी असेल तर.

---

तिपाई

एकोणीस! आणि आजोबांना एक प्रिंट नक्की द्या.

---

ओळंबा

जिन्यासाठी छायाचित्रकार फ्रेडरिक इव्हान्सने १९०३ मध्ये इंग्लंडमधल्या वेल्स कॅथेड्रलमध्ये काढलेला पायऱ्यांचा फोटो शोधून बघा. शतकानुशतकं पावलांनी झिजून त्या पायऱ्या लाटांसारख्या झाल्यात. इव्हान्स फोटो घेण्याआधी वास्तूत दिवसेंदिवस राहून प्रकाश न्याहाळत असे. त्या फोटोत कॅमेरा पायथ्याशी आहे आणि जिना वर चढत एका उजळ दाराकडे जातो. तुमच्या जिन्याला वर असं उजळ काही आहे का? वाचनकक्षाचं दार उघडं ठेवून, खालचे दिवे बंद करून, पायथ्याशी गुडघ्यावर बसून बघा. आणि पायऱ्यांच्या मध्यभागी झीज असेल तर ऊन बाजूने येण्याची वाट बघा, समोरून आलेल्या उजेडात झीज दिसत नाही.

---

कवडसा

झीज आहे, काका. आतल्या वळणाच्या बाजूला, जिथे सगळे कठड्याला हात लावून चढतात तिथे. जिन्यावरची खिडकी पश्चिमेला आहे. शनिवारी चार वाजता जातो.